‘तांबेऱ्याला दाद न देणारं बियाणं दिलं की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

‘तांबेरा येणार म्हणून देशभरातल्या गहू उत्पादकांना आधीपासून कशाला कामाला लावायचं? रोगाला दाद न देणारं वाण द्या. तरीही पडलाच रोग, तर औषध आहेच.’ हा मजकूर सध्या बराच फिरतोय. तांबेरा हा गव्हावर पडणारा बुरशीचा रोग; पिवळा तांबेरा आणि खोड तांबेरा ही त्याची दोन रूपं. वाचून मी अस्वस्थ झालो, कारण हा भरवसा एका देशाला फार महाग पडला आहे.

आधी वाणाचं बघू. इथिओपियात २०१० साली पिवळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली आणि कुबसा हे तिथलं आवडतं वाण तिला बळी पडलं. त्याच्या जागी शेतकऱ्यांनी दिगलू उचललं. ते पिवळ्या तांबेऱ्याला टिकत होतं, आणि १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या, जगानं धसका घेतलेल्या ‘यूजी ९९’ या खोड तांबेऱ्यालाही. मग २०१३ च्या शेवटी बाले भागात खोड तांबेऱ्याचा वेगळाच प्रकार आला आणि दिगलूची कित्येक शेतं हातची गेली. वाण टाकाऊ नव्हतं. जिथे तिथे तेच एक पेरलेलं होतं, तिथे घात झाला. बुरशी बदलत राहते, म्हणून शिवारात वेगवेगळी वाणं हवीत. आणि ती ऐनवेळी मिळत नाहीत: पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा बियाण्याच्या प्रत्येक पायरीला हंगाम जातो. तोवर बहुतेक छोटे शेतकरी घरात राखलेलंच पेरणार.

राहिलं औषध. खोडावर लांबट, विटकरी फोड दिसतात. बोट फिरवलं की विटेसारखी भुकटी बोटाला लागते. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, तिचं बियाणंच म्हणा; ते वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात. लागण झाल्यावर फोड दिसायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणजे शेजारचं हिरवंगार शेतही आतून लागलेलं असू शकतं. कापणीला तीन आठवडे उरलेलं चांगलं पीक तेवढ्या अवधीत काळ्या, मोडक्या काड्या आणि चिमलेले दाणे होऊन बसतं. त्या दिवसांत पंप, औषध आणि माणूस शोधत फिरायचं का?

‘आधी सांगून शेतकरी नुसता घाबरतो’ हेही त्या मजकुरात आहे. मला हे पटत नाही. त्याच इथिओपियात पुढे केंब्रिज विद्यापीठ, ब्रिटनचं हवामान खातं आणि तिथली कृषी संशोधन संस्था यांनी मिळून वारा बीजाणू कुठे नेईल याचा अंदाज बांधला, त्याला शेतातल्या पाहणीची जोड दिली आणि इशारे फोनवरून पोचवले. इशारा मिळालेला शेतकरी दुसऱ्या दिवशी बांधावरून नाही, पिकात शिरून खोड बघतो.