‘बनगरवाडी’तला ‘मी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीवरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. कादंबरी आणि तिच्यावरचा अमोल पालेकरांचा चित्रपट यांची तुलना करताना मी म्हटले होते की, चित्रपट कथानकाशी प्रामाणिक राहिला, तरी कादंबरीतला ‘मी’, म्हणजे गोष्ट सांगणारा वाडीवरचा तरुण मास्तर, त्याच्या हातून निसटला. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे : पटकथा स्वतः व्यंकटेश माडगूळकरांची असताना हा आक्षेप घेणे आगाऊपणाचे आहे, ‘मी’ हे निवेदनाचे निव्वळ तंत्र असून पडद्यावर तेच काम कॅमेरा करतो, चित्रपटाचे साल मी चुकीचे दिले, आणि ‘पुण्यात पंख्याखाली बसून माणदेशावर लिहिणाऱ्या पुस्तकी मास्तरांना’ चित्रपट कसा पाहावा हे कोणीतरी शिकवायला हवे.

सालाची चूक मान्य आहे. चित्रपट १९९५चा, मी १९९६ लिहिले होते. ते दुरुस्त केले आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानतो.

शेवटच्या वाक्याविषयी बोलल्याशिवाय मात्र मला पुढे जाता येत नाही. आपल्याकडे मुद्दा होता. तो मांडून आपण थांबला असतात, तर मी आनंदाने उत्तर दिले असते. त्याऐवजी आपण माझ्या पत्त्यावरून माझी लायकी ठरवलीत, आणि तीही स्वतःचे नाव न लिहिता. ‘मास्तर’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरला आहे. मी खरोखरच मास्तर होतो. १९८६ ते १९८९ अशी तीन वर्षे मी माणदेशातल्याच आटपाडी तालुक्यातल्या एका धनगरवस्तीवर एकशिक्षकी शाळा चालवली. हा मुलूख एके काळी औंध संस्थानात होता, आणि माडगूळकरांची वाडीही याच संस्थानातली आहे. पटावर एकोणतीस मुले असत. दिवाळीनंतर मेंढरे जगवायला घरेच्या घरे बाहेर पडली की हजेरीला अकरा उरत. ‘बनगरवाडी’ मी पहिल्यांदा सलग वाचली ती तिथल्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात. दुष्काळाने वाडी ओस पडते तो शेवटचा भाग वाचत होतो तेव्हा माझ्याही शाळेची किल्ली माझ्या खिशात होती. हे फुशारकीने सांगत नाही. पंख्याचा उल्लेख आपण केलात म्हणून सांगावे लागते आहे. त्या खोलीत वीजच नव्हती.

आता कॅमेऱ्याविषयी. ‘तेच काम कॅमेरा करतो’ हे आपले वाक्य मला मुळातच चुकीचे वाटते. कादंबरीतला ‘मी’, राजाराम मास्तर, आपल्याला कधी बाहेरून दिसत नाहीत. पहाटेच्या अंधारात वाडीची वाट चालू लागलेला, अजून मिसरूडही नीट न फुटलेला हा पोरगा आपल्याशी बोलत राहतो, आणि त्याला जे दिसते, जेवढे समजते, तेवढेच आपल्याला मिळते. त्याचे न समजणे हा या कादंबरीचा प्राण आहे. वाडीचा प्रमुख असलेल्या कारभाऱ्याच्या मुलीसाठी, अंजीसाठी, चोळी शिवून आणण्याचा प्रसंग घ्या. मास्तरांना ते एक साधे काम वाटते आणि त्यांच्यासोबत वाचकालाही तसेच वाटते. म्हणूनच कारभाऱ्याचा राग मास्तरांइतकाच आपल्यावरही अवचित कोसळतो, आणि गावाची नजर काय असते हे आपण त्यांच्याबरोबर, त्यांच्याच वयाचे होऊन शिकतो. पडद्यावर मात्र ती तरुण मुलगी आणि तो तरुण मास्तर समोरासमोर उभे राहिले, की प्रेक्षक त्यांना गावाच्या नजरेने पाहू लागतो. मास्तरांना कळायच्या कितीतरी आधी त्याला सगळे कळून चुकते. निवेदनाचा आवाज वरून कितीही जोडला, तरी आधीच पाहिलेले पुसता येत नाही.

वाडीतल्या शेकू या शेतकऱ्याच्या बायकोचेही तसेच आहे. ती बैलाच्या जोडीला औताला जुंपून घेते, ही गोष्ट कादंबरीत मास्तर आवाज न चढवता सांगतात. त्यांना जे बोलवत नाही, ते न बोललेलेच राहते आणि वाचणाऱ्याच्या छातीवर येऊन बसते. चित्रपटाला ती बाई दाखवावी लागते. तिच्या खांद्यावरचे जू, पायाखालची ढेकळे हे सगळे काही क्षण तरी पडद्यावर राहते, आणि ते चित्र आपसूकच आपली कणव मागू लागते. कॅमेऱ्याने नजर वळवली, तर वळवलेली दिसते; मास्तरांचा संकोच असा दिसत नाही. यात मी दिग्दर्शकाला दोष देत नाही, मूळ लेखातही दिलेला नव्हता. चंद्रकांत मांढरे यांनी उभा केलेला कारभारी मला मनापासून आवडला, हेही तिथे दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते. आपण तिथवर वाचलेले दिसत नाही.

पटकथा माडगूळकरांचीच आहे, हे मला ठाऊक आहे; श्रेयनामावली मलाही वाचता येते. कादंबरी त्यांनी १९५५मध्ये प्रसिद्ध केली आणि चित्रपट आला तो चाळीस वर्षांनी. लेखकाने स्वतः बदल केला म्हणून काही गमावले जात नाही, हे मला पटत नाही, आणि त्यावर अधिक लिहिण्याची गरजही वाटत नाही.

आपल्याला उत्तर द्यायचे असेल, तर माझा पत्ता आणि माझा पेशा बाजूला ठेवा. चोळीचा तो प्रसंग कादंबरीत पुन्हा वाचा आणि मला एवढेच सांगा, कारभारी रागावणार हे आपल्याला मास्तरांच्या आधी कळले होते का? तेवढ्या एका प्रश्नावर मी आपल्याशी हवे तितके बोलायला तयार आहे.