नसा घासून साफ करणाऱ्या काढ्याबद्दल

फॉरवर्ड तुम्हालाही आलाच असेल. लसूण, आलं, लिंबू, सफरचंदाचं व्हिनेगर उकळायचं, मध टाकायचा, रोज सकाळी घ्यायचं, मग म्हणे नसांमधला कचरा आतल्या थरासकट घासून निघतो अन् खालून कोरी करकरीत नस तयार. सोबत 'सायन्स' पण आहे, नसेचं अस्तर अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीननं टिकते म्हणून अमुक पावडर घ्या, लिंक खाली. थंड पाणी बंद करा. अन् शेवटी, हात जोडलेल्या इमोजीच्या जरा आधी, 'स्टेंटवाल्यांनी गोळ्या हळूहळू सोडल्या तरी चालते.'

एरवी मी डिलीट करून मोकळी झाली असती. पण आमच्या काकाजींना याच वर्षी स्टेंट बसला आहे, अन् काकू फोनवर सांगते, "अवं बाई, ते तर रक्त पातळ करायची गोळी बंद करून राहिले, काढा सुरू आहे म्हणे, आता काहून पाहिजे." मी बायोकेमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही. पण यातलं निम्मं खोटं पकडायला डॉक्टर लागतही नाही.

गोळीचंच आधी. स्टेंट म्हणजे अडलेली नस उघडी ठेवायला आत बसवतात ती धातूची जाळी. ती बसवताना नसेचं अस्तर सोलल्या जाते, मग हळूहळू आजूबाजूच्या पेशी वाढून जाळी झाकतात. आजकालच्या औषधवाल्या स्टेंटमध्ये हे झाकणं आणखी सावकाश होते, कारण त्यावरचं औषध पेशींची वाढच रोखते. तोवर रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी करणाऱ्या बारीक कणांना, उघडा धातू दिसतो अन् त्या तिथं गोळा होतात. म्हणून बहुतेकांना सुरुवातीला रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, साधारण 6 ते 12 महिने, कोणाला कमी कोणाला जास्त, ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतो. मधेच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, म्हणजे सरळ हार्ट अटॅक. 'चालते' लिहिणाऱ्याला काय, त्याला काही ॲम्बुलन्स बोलवायची नाही.

आता घासायचं. पहिली गोष्ट, ब्लॉकेज अस्तराच्या वर चिकटून बसलेलं नसते, ते अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत असते. वर जे अस्तर आहे, एंडोथेलियम, ते फक्त एका पेशीच्या जाडीचं. म्हणजे खालचं काढायचं तर आधी ते फाडावं लागेल, अन् ते फाटलं की तिथंच गुठळी होते. बहुतेक हार्ट अटॅक नेमके असेच येतात.

अन् घासलेल्या नसेचं काय होते हे 1980 पासून माहीत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन टाकलं की पट्टी सैल पडायला पाहिजे, पण कधी सैल पडायची, कधी उलट आवळायची. कारण शोधलं तर निघालं की तयार करताना ज्या पट्टीची आतली बाजू चुकून घासल्या गेली, ती सैल पडतच नव्हती. मग मुद्दाम घासून पाहिलं, तेच! सैल हो हा निरोप अस्तर देते, अस्तरच गेलं तर निरोप देणार कोण. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू हे पुढं कळलं, अन् 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो अन् मुराद यांना मिळालं. तर ज्याला हे काका-मामा लोकं 'सफाई' म्हणून राहिले ती प्रयोगशाळेत नस बिघडवायची पद्धत आहे. बरं, काढ्यानं ती होत नाही हेच नशीब.

अ‍ॅक्टिनचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून त्याचा जास्त राग येतो. होय, पेशीला आतून आकार देणाऱ्या सांगाड्यात अ‍ॅक्टिनचे धागे असतात. अस्तराची पेशी शेजारणीला व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीननं धरून असते अन् त्याचं आतलं टोक कॅटेनिन्स नावाच्या जोड-प्रोटीनांमार्फत या अ‍ॅक्टिनला बांधलेलं असते. अ‍ॅक्टिन काठाकाठानं कडं करून असलं की जोड पक्का. पण सूज आली किंवा गुठळी बनवणारं थ्रॉम्बिन आलं की आतून रो नावाचं प्रोटीन इशारा देते, तेच अ‍ॅक्टिन जाड जुड्यांमध्ये गोळा होते, मायोसिन नावाचं दुसरं प्रोटीन त्याला ओढते, अन् दोन पेशींच्या मधात फट पडते. मंडपाच्या दोऱ्या चहूबाजूंनी सारख्या असल्या तर कापड ताठ राहते, एकाच अंगानं ओढल्या तर शिवण उसवते, तसं. म्हणजे अ‍ॅक्टिन किती आहे याच्यापेक्षा ते कसं लागलं आहे त्याला महत्त्व. अन् ते लागते रक्ताच्या वाहण्यानं: सरळ नसेत रक्त एका दिशेनं वाहते, तिथं पेशी अन् त्यांच्यातले धागे प्रवाहाच्या दिशेनं लांब होऊन पडतात. फाटा फुटतो तिथं रक्त घोटाळते, पेशी अस्ताव्यस्त राहतात, अन् ब्लॉकेज बहुतेक तिथंच धरते.

यात पावडर कुठं बसते सांगा? खाल्लेलं प्रोटीन पोटात तुटून अमिनो आम्ल होते, पेशी आपलं अ‍ॅक्टिन आपणच बनवते. अन् अ‍ॅक्टिन तर स्नायूंमध्ये ठासून भरलेलं असते, म्हणजे मटणात. खाऊन ते नसेला लागत असतं तर सावजीवर वाढलेल्या आमच्या नागपूरच्या नसा लोखंडाच्या असत्या अन् धंतोली-रामदासपेठेत एकही कार्डिओलॉजिस्ट टिकला नसता.

लिंबू-व्हिनेगर: त्याहून कडक आम्ल पोटात आधीच आहे, अन् रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, शरीर 7.35 ते 7.45 मध्येच ठेवते, तुम्ही किती पण लिंबं पिळा. थंड पाणी: ते नसेत ओतल्या जात नाही, पोटातच गरम होते. मे महिन्यात नागपुरात माठ बंद करा म्हणणाऱ्याचं काय ऐकावं!

लसणाचं बरं, मान्य. बीपी अन् कोलेस्टेरॉल थोडं उतरते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. भाजीत टाका ना. पण रक्त पातळ करायच्या गोळीसोबत वाट्या-वाट्या लसणाचा रस घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हे त्या फॉरवर्डमध्ये नाही.

अस्तराला खरंच काही द्यायचं तर बीपी-शुगर ताब्यात ठेवा अन् सकाळी अंबाझरीला चालून या, चालण्यानं वाहतं रक्त त्या पेशींना मानवते. अन् तंबाखू सोडा. ज्या दादानं हे ग्रुपवर टाकलं त्याच्या गालात चोवीस तास खर्रा असते, त्यानं नसांवर बोलावं म्हणजे कमालच आहे.

कालपासून याचीच नवी आवृत्ती फिरून राहिली, त्यात दुधीचा रस जोडला आहे. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य असते, त्यानं रक्ताच्या उलट्या होतात, माणसं गेली आहेत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) समितीनंही कडू रस पिऊ नका म्हणून सांगितलं आहे. कडू लागला की थुंका. अन् उलट्या सुरू झाल्या तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा.