हळद, आजी आणि माझा 'धंदा': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नव्या टॅटूची काळजी कशी घ्यावी, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. मतभेदाचं मला वावडं नाही. पण "आमच्या आजीने गोंदून घेतलं, हळद-तेल लावलं आणि तशीच शेतात गेली, तुमचे साबण-मलमाचे चोचले म्हणजे गिऱ्हाईकाला घाबरवायचा धंदा" हे लिहिताना जराही अवघडल्यासारखं झालं नाही? अख्ख्या लेखात मी एकाही मलमाचं नाव घेतलेलं नाही. बिनवासाचा साधा साबण, कोमट पाणी, स्वच्छ हात, मलमाचा पातळ थर. यात मला कुठलं कमिशन मिळतं, तेवढं सांगा.

आता आजी. (मलाही होती.) गोंदून झाल्यावर हळद लावायचे, मान्य. खोबरेल स्वस्त पडतं, तेही मान्य. पण आजीच्या अंगावर होतं काय? कपाळावर चार ठिपके, फार तर हातावर तुळशीवृंदावन. आजची पोरं मनगटापासून कोपरापर्यंत शेडिंग करून घेतात. सुई 1-2 मिलिमीटर आत जाते, सेकंदाला कित्येकदा. ती उघडी जखम असते, पहिले दोन-तीन दिवस लस येते. तिच्यावर डब्यातली हळद? ती निर्जंतुक नसते, काहींना तिची ॲलर्जी असते आणि मुख्य म्हणजे त्या पिवळ्या लेपाखाली लाली पसरतेय की पू धरतोय, दिसतच नाही. तेलाचा जाड थर दिला की पावसाळ्याच्या दमट हवेत खपली भिजते, अवेळी सुटते आणि रंग घेऊन जाते. नंतर, कातडी कोरडी पडून सोलायला लागली की थेंबभर खोबरेल लावा, माझी ना नाही.

आणि तुमच्या आजीचं टिकलं म्हणजे सगळ्यांचंच टिकलं? माझ्या आत्याच्या हातावर जत्रेत गोंदलेलं चांगलंच पिकलं होतं. तिथे आज नक्षी कमी, वण जास्त. रांगेतल्या सगळ्या बायकांना एकच सुई, हे तुमच्या आठवणींत कसं येत नाही? मी वर्षानुवर्षं मशीन हातात धरून बसलोय. "घरचंच लावलं होतं हो" म्हणत बिघडलेला हात पुढे करणारे माझ्याकडे येतात, तुमच्याकडे नाही.

बाकीचं थोडक्यात. नव्या टॅटूवर चिकटवलेली पारदर्शक फिल्म काही दिवस ठेवायची की त्याच दिवशी काढून धुवायचं, यात तुम्हाला विसंगती दिसली. दोन्ही पद्धती आहेत, आपल्या आर्टिस्टला विचारावं, विषय संपला. टॅटूनंतर 12 महिने रक्तदान चालत नाही, हा नियम रक्तपेढ्यांचा आहे, माझा नाही. त्यावर हसायचं असेल तर तिकडे जाऊन हसा.

"डॉक्टरांचा उल्लेखसुद्धा नाही" म्हणालात. लाली आणि सूज वाढत गेली, पू किंवा ताप आला तर घरगुती उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, हे माझ्या लेखाच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी निदान तिथपर्यंत वाचा.