'चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे' असं लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर, नमस्कार.

कांजिण्यांच्या आठवड्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर ते फार कडू झालं असतं, म्हणून सकाळपर्यंत थांबले. आता लिहायला बसले तर एवढं साचलंय की स्वतंत्रच लिहावं लागतंय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या पाच वर्षांच्या मनूला कांजिण्या आल्या. खपल्या पडेपर्यंत पाठवू नका, असं शाळेनं सांगितलं. ताप उतरल्यावरचा आठवडा आम्ही दोघींनी घरी चित्रांची पुस्तकं घेऊन काढला आणि तेवढीच तिची शाळा झाली. त्यावर सर लिहितात की चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे, आठवडाभरात मुलीला एक अक्षरसुद्धा गिरवायला लावलं नाही, मुलांना समवयस्क मुलं लागतात, असली पुस्तकं सामान्य घराला परवडत नाहीत आणि हे सगळं परदेशी खूळ आहे. शेवटी, 'तुमच्यासारख्या हौशी आयांनी घरात शिक्षणाचे प्रयोग करू नयेत.'

सर, तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक आहात असं तुम्हीच लिहिलंय. त्याचा मान ठेवूनच विचारते, 'हौशी' कशावरून? मी पतसंस्थेत नोकरी करते. त्या आठवड्यात रजा टाकून मुलीजवळ बसले होते, रात्री घरी बसून हिशेब पुरे करत होते. ते मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख माझ्याबद्दल नव्हता. एखाद्या वडिलांनी हाच लेख लिहिला असता तर तुम्ही 'हौशी बाप' म्हटलं असतं का? मला नाही वाटत. मुद्दा पटला नाही तर खोडून काढा, त्याला माझी ना नाही. पण माणसाला आधी खाली बसवायचं आणि मग मुद्दा मांडायचा, ही वर्गातली सवय इथे नको.

आणि लहान मुलांच्या शिक्षणाशी माझा संबंध कांजिण्यांमुळे आलेला नाही. माझी आई अंगणवाडी सेविका होती, चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यात. मी तिच्याच अंगणवाडीत वाढले. देवळाच्या ओवरीत भरायची ती. खाऊचं पातेलं, वजनाचा काटा, एक सतरंजी आणि भिंतीला टांगलेला फळांचा नि प्राण्यांचा एक तक्ता. आई त्या तक्त्यासमोर पोरांना बसवून नुसतं विचारायची, 'ह्यात कोण कोणाकडं बघतंय?' पोरं तासभर बोलायची. घरी तोंड न उघडणारी पोरं बोलायची. तिचं मानधन किती होतं आणि ते कधी वेळेवर यायचं, हे मी इथे सांगत नाही. पण सुखवस्तू घरातले चोचले म्हणून कोणी याची बोळवण करू लागलं की मला गप्प बसवत नाही.

आता तुमचं ते वाक्य. चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे.

लेखात मी पावसाच्या गोष्टीचा नुसता उल्लेख केला होता, आता नीट सांगते. एक मुलगी आजोबांबरोबर बाजाराला जाते, येताना पाऊस गाठतो, दोघं भिजत घरी येतात. मजकूर एवढाच, पानाला एखादी ओळ. शेवटच्या पानावर मुलगी चुलीजवळ शेकत बसलीय. मी ओळ वाचली आणि पुस्तक मिटायला लागले, तर मनूनं पानावर हात ठेवला. 'हिची एक चप्पल कुठं गेली गं आई?' मी बघितलं तर खरंच एकच चप्पल. मजकुरात चपलेचा शब्दही नाही. मी म्हटलं, मला नाही माहीत. मग तिनं एकेक पान मागं उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानावर मुलीच्या पायांवर बोट ठेवायचं आणि पुढं जायचं. ओढ्याच्या पानावर बोट थांबलं. खाली कोपऱ्यात, गवतात अडकलेला निळा पट्टा. तो मला सापडला नसता. आणि मग ती म्हणाली, 'म्हणून पुढच्या पानावर आजोबांनी तिला खांद्यावर घेतलंय.'

सर, यात वाचनातलं काय नाही ते मला सांगा. शेवटी काहीतरी खटकलं, म्हणून ती मागे गेली. पुरावा शोधला. दोन पानांमध्ये न सांगितलेलं कारण स्वतः जोडलं. मोठ्या वर्गातल्या मुलांना उताऱ्याखाली 'लेखकाला काय सुचवायचे आहे' असा प्रश्न येतो, तेव्हा आपण याहून वेगळं काय मागतो? मनूला 'च' आणि 'प' ओळखता येत नाहीत, हे खरं. ते येतील. अक्षरं शिकवता येतात, आणि तुम्ही तुमच्या नोकरीत शेकडो मुलांना ती शिकवली असतील. पण पान उलटून मागे जावंसं वाटणं, हे गिरवून येत नाही.

मी हे इतक्या खात्रीनं बोलते कारण मी उलट्या बाजूनं आलेय. आईची अंगणवाडी सुटली आणि मी शाळेत गेले, तेव्हा बाराखडी माझ्याइतकी पटापट कोणालाच येत नव्हती. दुसरीत मी उभी राहून धडा घडाघडा म्हणायचे, गुरुजी पाठ थोपटायचे. एकदा शेजारच्या मुलीनं दाखवलं की मी पुस्तक उलटं धरलंय. मला काहीच फरक पडला नव्हता, सगळं पाठ होतं. चौथीला स्कॉलरशिपला बसले तेव्हा समोर अनोळखी उतारा आला. अक्षर न् अक्षर वाचता आलं आणि उतारा काय सांगतोय ते कळलं नाही. त्या दिवशी घरी येऊन रडले. शाळेच्या हिशेबात मी उत्तम वाचणारी मुलगी होते. वाचायला मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी शिकले, कॉलेजच्या लायब्ररीत, कोणीही न शिकवता. माझ्या मुलीच्या बाबतीत हा क्रम मला उलटा हवाय.

गिरवण्याबद्दल. मनगटात आठ लहान हाडं असतात आणि बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतात, कूर्चा असते, म्हणजे हाडाहून मऊ, लवचिक भाग. ती हळूहळू, कित्येक वर्षं घेऊन हाडं होतात. पाचव्या वर्षी हे काम चालूच असतं. दुरेघीत बोटं दुखेपर्यंत 'अ' काढून घेण्याची घाई कोणाला आहे? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो सहाव्या वर्षापासून लागू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा सगळा पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून, कृतीतून व्हावा असं म्हटलंय. मी सरकारी कागदाला देव मानत नाही, पण तुम्ही 'शिक्षणशास्त्र काय सांगतं ते बघा' असं लिहिलंत म्हणून सांगितलं.

आणि परदेशी खूळ? बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला तो १९२६ साली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. वाड्या-वस्त्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी त्यांच्यासोबत आदिवासी मुलांत काम केलं, आणि पानं, बिया, खडे, शिंपले हीच तिथली साधनं होती. आधी मुलानं बघावं, हाताळावं, बोलावं आणि मग अक्षर यावं, हा विचार या मातीत शंभर वर्षांचा होत आला. तुम्ही महाराष्ट्रात मुख्याध्यापक होता. हे मी तुम्हाला सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं.

तुमचा एक मुद्दा मान्य करते. जाड पुठ्ठ्याची, आयात केलेली पुस्तकं महाग असतात आणि आमच्या पगारात ती सहज बसत नाहीत. लेखाबरोबरच्या फोटोत अशी दोन दिसतात, ती मनूच्या आत्यानं दिलेली आहेत. बाकीची नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत. माधुरी पुरंदरे मराठीत लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यांची पुस्तकं बघितली असतीत तर 'परदेशी' हा शब्द आला नसता. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

समवयस्क मुलांबद्दल मी काय बोलणार? कांजिण्या अंगावर असताना तिला मुलांत पाठवायला हवं होतं का? ती आता शाळेत जातेय. शाळा सोडायचा आमचा विचार नव्हता आणि नाही, लेखातही तसं कुठे लिहिलेलं नाही. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात की शीर्षकावरून प्रतिक्रिया दिलीत, असा प्रश्न मला इथे पडला.

एका आठवड्यातून काही सिद्ध होत नाही, असंही तुमचं एक वाक्य आहे. मी काहीही सिद्ध करायला निघाले नव्हते, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

इथे चार-पाच आयांनी पुस्तकांची यादी मागितली आहे. येत्या रविवारी टाकते, किमतींसकट, म्हणजे परवडण्याचा प्रश्न ज्याचा त्याला तपासता येईल. सर, त्या यादीवर तुमचे आक्षेप जरूर लिहा, मी उत्तर देईन. फक्त 'हौशी' हा शब्द पुन्हा आला, माझ्यासाठी किंवा इथे लिहिणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही आईसाठी, तर ती प्रतिक्रिया मी ठेवणार नाही.