कपिलदेव, श्रीनाथ आणि ‘एक षटकही न टाकलेले’ लेखक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कपिलदेव यांच्या अखेरच्या हंगामांवरील माझ्या लेखाला आपण दिलेली दीर्घ प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडली यांचा ४३१ कसोटी बळींचा विक्रम मागे पडेपर्यंत कपिल यांना संघात ठेवले गेले, त्याची किंमत तरुण वेगवान गोलंदाज जवागल श्रीनाथ यांनी मोजली आणि हे क्रीडास्तंभांतून वेळीच, स्पष्टपणे लिहिले जायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर आपण लिहिता, ‘ज्यांनी आयुष्यात एक षटकही टाकले नाही, त्यांनी कपिलला कधी थांबायचे ते शिकवावे, हा निव्वळ कृतघ्नपणा आहे.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याला आपण ओळखतही नाही अशा माणसाला कृतघ्न ठरवण्याची ही घाई मला अशोभनीय वाटली.

षटकांचाच प्रश्न असेल, तर मी मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या खालच्या विभागात अनेक पावसाळे मध्यमगती गोलंदाजी केली आहे. आमच्या क्लबात नवा चेंडू कायम एका ज्येष्ठ गोलंदाजाकडे असे. त्यांचा वेग उतरल्याचे सर्वांत आधी आमच्या यष्टिरक्षकाने ओळखले. तो पाऊल पाऊल करत स्टंपांकडे सरकू लागला आणि त्याच्यामागोमाग स्लिपही पुढे आली. मी मिडऑफला चेंडू पँटवर घासून त्यांच्या हाती देत असे, आणि माझी पाळी येईपर्यंत ओल्या गवतावरून फिरून तो चेंडू साबणासारखा बुळबुळीत झालेला असे. त्या गृहस्थांविषयी मला आजही आदर आहे. त्यांना थांबायला सांगणे हे कप्तानाचे काम होते आणि त्याने ते केले नाही, हेही तितकेच खरे आहे.

आणि समजा, मी एकही षटक टाकले नसते, तरी काय बिघडले असते? पुढे एका दैनिकाच्या क्रीडापानावर काम करताना जे दिसते ते लिहायचे, एवढेच मी शिकलो. सचिन तेंडुलकर यांनी २०११च्या विश्वचषकानंतर एकदिवसीय क्रिकेट सोडायला हवे होते, असे मत खुद्द कपिल यांनीच पुढच्या वर्षी जाहीरपणे मांडले होते. तोही कृतघ्नपणाच होता काय, याचे उत्तर आपण द्यायला हवे.

हॅडली यांना ४३१ बळींसाठी ८६ कसोटी पुरल्या आणि कपिल यांना ४३२वा बळी १३०व्या कसोटीत मिळाला, ही तुलना करताना आपल्याकडच्या निर्जीव खेळपट्ट्यांचा उल्लेख हवा होता, ही आपली सूचना मला मान्य आहे. १९८३ही मी विसरलेलो नाही. १९९१-९२च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तेहतिशीच्या कपिल यांनी २५ बळी घेतले, हे तर माझ्या लेखातच आहे. तो आपण शेवटपर्यंत वाचला असता, तर ते आपल्याला दिसले असते.

१९९३ आणि १९९४च्या सुरुवातीला मायदेशातल्या सातही कसोटी भारताने फिरकीच्या बळावर जिंकल्या, त्यामुळे श्रीनाथ यांची गरजच नव्हती, हा आपला उरलेला मुद्दा. संघ जिंकला म्हणून निवड योग्य ठरत नाही, यापलीकडे त्यावर काही लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

८ फेब्रुवारी १९९४ रोजी अहमदाबादला कपिल यांच्या चेंडूवर श्रीलंकेच्या हशन तिलकरत्ने यांचा झेल संजय मांजरेकर यांनी टिपला, तो ४३२वा बळी ठरला आणि मैदानातून फुगे सोडले गेले, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला होता. परंतु नोव्हेंबर १९९१मध्ये ब्रिस्बेनला पदार्पण केलेल्या श्रीनाथ यांना मायदेशात पहिली कसोटी मिळाली ती नोव्हेंबर १९९४मध्ये, वानखेडेवर, कपिल निवृत्त झाल्यानंतर. बाविशी ते पंचविशी ही वेगवान गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे असतात. पुढे ६७ कसोटींत २३६ बळी घेणारा हा गोलंदाज त्या वर्षांत मायदेशी एकही कसोटी खेळला नाही. याविषयी आपल्याला काही म्हणायचे असेल, तर अवश्य लिहा. माझ्या लायकीविषयीच्या पुढील प्रतिक्रियेला मात्र मी उत्तर देणार नाही.