नऊ आडवा, चार अक्षरी

रविवारी सासुरवाडीला गेलं की जेवणाआधी माझी एक परीक्षा असते. आप्पांचं शब्दकोडं. आप्पा म्हणजे माझे सासरे. कानाचं यंत्र झिजू नये म्हणून ते डबीत जपून ठेवतात. त्यामुळे उत्तरं ओरडून सांगावी लागतात, गॅलरीचं दार सताड उघडं असतं आणि समोरच्या इमारतीतली मंडळी नेमकी तेव्हाच कपडे वाळत घालतात.

"नऊ आडवा," आप्पांनी चष्मा वर सारला. "मोहात पाडणारी स्त्री. चार अक्षरी. तिसरं ल."

"मोहिनी!" मी ओरडलो. समोर एक चादर झटकता झटकता थांबली.

"तीनच होतात."

स्वयंपाकघरातून सासूबाई कडाडल्या, "जावईबापू, मोहिनी म्हणजे साक्षात विष्णू! नेवाशाचा मोहिनीराज आमच्या माहेरचं कुलदैवत. असुरांकडून अमृत काढून घेतलं तिने. मोहात पाडणारी काय म्हणता?"

काढून घेतलं ते मोहात पाडूनच. पण पुरणपोळ्या अजून तव्यावर होत्या, मी गप्प बसलो.

कामिनी तीन. रमणी तीन. भामिनीही तीन, आणि तिचा मूळ अर्थ रागीट बाई. 'भाम' म्हणजे राग, हे न बघता आईबाप हौसेने नाव ठेवतात आणि मग अर्थ सोसतात. विलासिनी चार भरली, पण तिसरं 'सि'.

आपली गोची अशी, की हे सगळे शब्द पोथीतले. बोलताना मोहक बाईला चांगला शब्दच नाही, तिथे नळावरचं भांडण सुरू होतं. आणि त्यातही देवादिकांनाच ओढायचं : आली मोठी रंभा, ही भवानी, ती सटवी. बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते ती सटवाई, तिला आपण शिवीच्या कामाला जुंपलंय. (टवळीसुद्धा तीनच. मनात मोजून पाहिलं.)

"मदालसा!" मला एकदम सुचलं. चादरीमागून डोकं वर आलं.

चौकोन भरले, पण सासूबाई उलथणं घेऊन बाहेर. "मार्कंडेय पुराणातली? अहो, पाळण्यातल्या मुलांना ब्रह्मज्ञान शिकवणारी माउली ती!"

हेही खरंच. शब्दाचा अर्थ मदाने आळसावलेली, आणि ही बाई अंगाईतून 'तू शुद्ध आहेस, बुद्ध आहेस' सांगून पहिले तिन्ही मुलगे विरक्त करून मोकळी. चौथा अलर्क तरी गादीला राहू दे, म्हणून राजाला मध्ये पडावं लागलं.

"चौदा उभा," आप्पा पुढे सरकले होते. "मोहात पाडणारा. तीन अक्षरी."

मी तोंड उघडणार तोच सासूबाई वळता वळता म्हणाल्या, "लिहा, मोहन. अर्थाने नाही, पण अक्षरांत बसतंय."

लग्नाला बावन्न वर्षं झाली त्यांच्या. उखाण्याशिवाय त्यांनी आप्पांचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि यंत्र डबीत असूनही आप्पांनाही ते ऐकू गेलं.