मांत्रिकांना व्याज कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (सही तुम्हीच तशी केलीय, म्हणून), तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेऊन. माझ्या कथेतल्या मांत्रिकांच्या काल्पनिक इतिहासावरचे तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डोंगर हलवणारी माणसं पैसे व्याजाने का ठेवतील? सिद्धी मिळवलेले लोक आंघोळीच्या मानावरून लढतील का? दोनदा हरवलेला शत्रू कोणी सोडून देतं का? एकाच लढाईच्या दोन बखरी एकमेकींना खोटं पाडतात, हा गलथानपणा नाही का? आणि भर आषाढात फौज गोदावरी कशी उतरली? वर पुन्हा टोला, की 'जन्म बँकेत गेला माझा, दरमहा शेकडा एक हा दर तुम्ही आणलात कुठून?'

तो दर नाशिकच्या पांडवलेण्यांतून आणला. दहाव्या लेण्यातला शिलालेख आहे, नहपान या शक क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, तिथे दर पाऊण टक्का. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज झालं २४०, आणि त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. चोख बसतं की नाही? हाच गृहस्थ त्याच लेण्यात सांगतो, की मालय नावाच्या लोकांच्या वेढ्यात सापडलेल्या उत्तमभद्र लोकांना सोडवायला गेलो, तर मालय नुसत्या आरोळीनेच पळाले. मला हा माणूस फार आवडतो. एका हाताने फुशारकी, दुसऱ्या हाताने ठेवपावती.

माझे घाटकरी मांत्रिक यातूनच आले. मी पहिल्याच प्रकरणात नियम घातलाय, तो तुमच्या नजरेतून सुटला असावा: मंत्राने वस्तू हलते, पैदा होत नाही. नदीचा उतार (पायी पार करायची जागा) आठ दिवस बांधून धरणारा मांत्रिक त्या आठ दिवसांत भाकरी थापू शकत नाही. त्याला कोणीतरी खाऊ घालावं लागतं, आणि जो खाऊ घालतो त्याचं ऐकावं लागतं. त्यांचे शत्रू असलेल्या कडेकऱ्यांशी झालेला पहिला तह कोणाच्या पराक्रमामुळे झालाच नाही. विणकरांनी व्याज थांबवलं, म्हणून झाला.

आंघोळीच्या मानाबद्दल काय बोलू? काका, तुम्ही पंचवटीत राहता ना? १७८९ च्या सिंहस्थात त्र्यंबकला शैव आणि वैष्णव साधूंमध्ये याच मानावरून रक्तपात झाला. आजही शैव आखाडे कुशावर्तावर नाहतात आणि वैष्णव रामकुंडावर. माझ्या कथेत घाट वाटून घेतलेत, त्यात कल्पना फार थोडी आहे.

सोडून दिलेला शत्रू म्हणाल, तर इ.स. १५० च्या सुमाराचा जुनागढचा लेख बघा. नंतरचा क्षत्रप राजा रुद्रदामन म्हणतो, दक्षिणापथाच्या स्वामी सातकर्णीला (हा सातवाहन राजा) मी दोनदा उघड जिंकलं, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. सोयरीक आड आली! कान्हेरीच्या लेखातही वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी क्षत्रपकन्या आहे. तेव्हा कडेकऱ्यांचा म्होरक्या व्याह्यासमोर हात आवरता घेतो, यात मला तरी अशक्य काही दिसत नाही. व्याही जिंकता येतो, संपवता येत नाही. लग्नात मानपानावरून रुसलेल्या व्याह्याला समजावणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा.

दोन बखरींचा घोळ मात्र मी मुद्दाम घातलाय आणि तो तसाच राहणार. पांडवलेण्यांतल्याच तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाच्या राज्यातले प्रदेश सांगते: सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकरावन्ती. जुनागढला रुद्रदामन आपले प्रदेश मोजतो, त्यात हे पाचही आहेत. मधल्या काळात मुलूख हातचा गेला, हे बलश्रीचा लेख कशाला सांगेल? ती आई आहे, मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला एवढंच तिला दगडात कोरून ठेवायचंय. घाटकऱ्यांची बखरही म्होरक्याच्या आईनेच लिहवून घेतलीय. मी हे कथेत कुठेच उघड केलं नव्हतं, तुमच्यामुळे आज करावं लागलं. ताईतांचंही तसंच. जिंकलेले मांत्रिक जुने ताईत वितळवत नाहीत, त्यावरच आपला मंत्र ठोकतात आणि खालची अक्षरं डोकावत राहतात. १९०६ मध्ये जोगलटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांवर नाण्यांतली नऊ हजारांहून जास्त अशीच आहेत, खाली नहपान, वर गौतमीपुत्राचा ठसा.

राहिला आषाढ. तिथे तुम्ही मला पकडलंत. लहानपणापासून पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं हे बघायला घाटावर धावणाऱ्या माणसाने पाच हजार माणसं, बैल आणि तंबू एका रात्रीत पार करावेत, तेही उतार बांधणारा मांत्रिक आधीच्या प्रकरणात मारून टाकल्यावर! लाज वाटली. तो उतार आता कार्तिकात नेतोय. म्हणजे कडेकऱ्यांना चार महिने पलीकडच्या काठावर थांबावं लागणार, त्यांचं धान्य भाद्रपदातच संपणार आणि त्यांना कर्ज काढावं लागणार. कोणाकडून ते ठरलंय, किती टक्क्याने ते ठरलेलं नाही. तो दर तुम्हीच सुचवा.